अंगावर वागवायचे हृदय-सेन्सर: सोयीचे आणि अचूक कसे बनवावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड पट्ट्यातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, छोटे कारखानदार आणि दवाखान्यांतले बायोमेडिकल तंत्रज्ञ जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सर्किट हा या कामातला सोपा भाग. खरी मारामारी कातडीपाशी असते, म्हणून उत्तरांचा भरही तिकडेच आहे.

ईसीजी घ्यावा की पीपीजी? सुरुवात कशाने करावी?

ईसीजी हृदयाची विद्युत हालचाल मोजतो. पीपीजी कातडीवर प्रकाश टाकून रक्ताच्या लाटा मोजतो. ठोक्यांची लय, दोन ठोक्यांमधले अंतर, अनियमितपणा यात रस असेल तर छातीवरचा ईसीजी घ्या. दिवसभर सरासरी नाडी हवी असेल आणि माणूस छातीला पट्टा बांधायला तयार नसेल तर दंडावरचा किंवा मनगटावरचा पीपीजी.

एक फरक पक्का लक्षात ठेवा. हृदयाचा प्रत्येक विद्युत ठोका हातापर्यंत पोचतोच असे नाही. अवेळी पडलेला ठोका किंवा एट्रियल फिब्रिलेशनमधले (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याच्या आजारातले) काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटावर लाट उमटतच नाही. तिथे पीपीजी कमी आकडा दाखवतो आणि त्यात सेन्सरचा दोष नसतो.

शिकण्यासाठी ईसीजीच बरा. सिग्नल बिघडला की का बिघडला हे आलेखात डोळ्यांना दिसते. पीपीजीत सगळेच लाटांसारखे दिसते, हात हलवलेलासुद्धा.

पहिल्या नमुन्यासाठी कोणते भाग घ्यावेत, आणि कोणत्या क्रमाने जोडावेत?

एडी ८२३२ ही ईसीजीचा सिग्नल वाढवणारी चिप असलेला तयार बोर्ड, बीएलई (कमी ऊर्जेचे ब्लूटूथ) असलेला मायक्रोकंट्रोलर (एनआरएफ ५२८३२ किंवा ईएसपी ३२), १०० ते १५० मिलिअँपिअर-अवरची लिथियम-पॉलिमर बॅटरी, त्वरणमापक (हालचाल मोजणारी चिप) आणि जेलचे वापरून फेकायचे इलेक्ट्रोड. एडी ८२३२ ला २ ते ३.५ व्होल्ट चालतात. अर्डुइनो ऊनोच्या ५ व्होल्टला लावून चिप जाळण्याचा प्रकार दर वर्षी प्रोजेक्टच्या मोसमात होतो.

आधी जेलचे इलेक्ट्रोड लावा, कापडाचे नंतर. हा क्रम उलटा केला की सिग्नल खराब आल्यावर दोष सर्किटचा, कोडचा की कापडाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. दोन इलेक्ट्रोड छातीच्या दोन बाजूंना, तिसरा बरगडीच्या खालच्या कडेला. माणसाला स्वस्थ बसवा आणि ३० सेकंदांची नोंद घ्या. क्यूआरएसचे (प्रत्येक ठोक्याच्या उंच काट्याचे) टोक स्पष्ट आणि टी लहर (त्यामागून येणारा छोटा उंचवटा) ओळखू येण्याजोगी असेल तर सर्किट ठीक. ही नोंद जपून ठेवा. पुढे कापडाचा प्रत्येक नमुना हिच्याशीच ताडून बघायचा आहे.

नमुनादर सेकंदाला २५० पुरतो, म्हणजे दोन वाचनांत ४ मिलिसेकंदांचे अंतर. ठोक्यांमधल्या बारीक बदलांचा अभ्यास करायचा असेल तर ५०० घ्या. ईएसपी ३२ चा स्वतःचा एडीसी (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) वायफाय चालू असताना बराच गोंगाट करतो. वायफाय बंद ठेवा, नाहीतर वेगळा एडीसी लावा.

आलेखावर ५० हर्ट्झची जाड पट्टी येते. नॉच फिल्टर (तेवढीच एक वारंवारता कापणारा) टाकून काम भागेल ना?

भागल्यासारखे वाटेल. पण नॉच फिल्टर तीव्र असला की प्रत्येक क्यूआरएसनंतर छोटी थरथर उठवतो, आणि नवखा माणूस तिलाच हृदयाची लहर समजतो. फिल्टर शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. निम्म्या वेळा तिथेच पट्टी नाहीशी होते. मग इलेक्ट्रोडच्या तारा एकमेकींत पिळून घ्या. सुट्या तारांमधले वेटोळे अँटेनाचे काम करते. मग तिसरा, म्हणजे शरीराचा विभव (विद्युत पातळी) स्थिर ठेवणारा इलेक्ट्रोड नीट चिकटला आहे का ते बघा. एवढे करूनही पट्टी राहिली तर दोन मुख्य इलेक्ट्रोडांचे संपर्क असमान आहेत असे समजा: एकीकडे २० किलोओहम आणि दुसरीकडे ५०० असले की घरातल्या विजेचा दोन्ही तारांवर सारखा येणारा गोंगाट वजा होत नाही, त्याचा फरक सिग्नल बनून पुढे जातो. हा संपर्काचा आजार आहे, त्यावर कोडचे औषध चालत नाही.

कापडी किंवा रबरी कोरडे इलेक्ट्रोड पहिली काही मिनिटे नुसता कचरा का देतात?

कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा आणि कोरडा असतो. जेल त्यात मुरून आयनांना वाट करून देते. कोरड्या इलेक्ट्रोडला ते काम घामाने करावे लागते आणि घाम यायला वेळ लागतो. तोवर संपर्काचा रोध शेकडो किलोओहम ते मेगाओहमपर्यंत असतो. एप्रिल-मेच्या सांगलीत हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. डिसेंबरच्या कोरड्या सकाळी चांगली दहा मिनिटे जातात, वर नायलॉनची साडी किंवा पॉलिएस्टरचा टी-शर्ट पट्ट्यावर घासून स्थिर विजेचे उंच काटे आलेखात घुसवतो.

उपाय साधे आहेत. बांधण्यापूर्वी इलेक्ट्रोडची पट्टी पाण्याने ओली करा. अंगाला खोबरेल तेल चोळलेले असेल तर ती जागा साबणाने धुऊन कोरडी करा, कारण तेलाचा पातळ थरही संपर्क तोडतो. तालमीतल्या मल्लांवर चाचणी घ्यायची असेल तर तेल आणि माती दोन्ही काढल्याशिवाय पट्टा बांधूच नका. छातीवर दाट केस असतील तर पट्टा एक-दोन बोटे खाली सरकवून बघा. केस काढून घ्या म्हणणे सल्ला म्हणून बरोबर असले तरी रोजच्या वापराच्या वस्तूला ती अट घालता येत नाही.

रचनेत करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे इलेक्ट्रोडमागे २ ते ३ मिलिमीटरचा मऊ फोम. त्यामुळे श्वासाबरोबर छाती हलली तरी दाब टिकतो. शिवाय इलेक्ट्रोडच्या कडेने सिलिकॉनची पातळ झालर दिली तर ओल लवकर उडत नाही आणि पट्टा सरकतही नाही.

पट्टा किती घट्ट असावा?

सैल पट्टा सरकतो, सरकला की विभव बदलतो, आणि आलेखाची आधाररेषा वर-खाली पोहू लागते. फार घट्ट पट्टा माणूस तासाभरात काढून ठेवतो. काढून ठेवलेल्या सेन्सरची अचूकता शून्य.

२५ ते ३० मिलिमीटर रुंदीचे इलास्टिक, बांधल्यावर मूळ लांबीपेक्षा १० ते १५ टक्के ताणलेले, ही सुरुवातीची योग्य जागा. खोल श्वास घेताना अडथळा वाटता कामा नये आणि हात वर केल्यावर पट्टा जागचा हलता कामा नये. दोन्ही एकाच वेळी जमत नसेल तर पट्टा आणखी आवळू नका, रुंदी वाढवा. अरुंद पट्ट्याची कड रुतते, वळ उठतो आणि तक्रार तिथूनच येते. मधल्या डबीचे वजन १५ ग्रॅमच्या आत ठेवा. जड डबी धावताना आपटते आणि प्रत्येक आपटीचा काटा नोंदीत येतो. तिच्या सगळ्या कडा गोल हव्यात.

स्त्रियांसाठी पट्टा ब्लाउज आणि ब्रा यांच्या कडांशी भांडतो, ही बाब बहुतेक रचनाकार विसरतात. ब्राच्या खालच्या पट्टीतच इलेक्ट्रोड शिवणे हा जास्त चांगला मार्ग आहे. मंगळसूत्राच्या वाट्या डबीवर आपटत असतील तर डबी मध्यभागी न ठेवता डाव्या बाजूला घ्या.

विट्याच्या यंत्रमागावर चांदीच्या धाग्याचे कापड विणता येईल का?

विणता येईल, पण ते थेट इलेक्ट्रोडसाठी वापरू नका. मागावरचे कापड जवळपास ताणतच नाही आणि छातीचा पट्टा तर ताणायलाच हवा. इलेक्ट्रोडला सुयांवर विणलेले, म्हणजे होजिअरीसारखे ताणणारे कापड लागते. यंत्रमागाच्या कापडाचा उपयोग विद्युत जोडणीच्या सपाट पट्ट्यांसाठी होऊ शकतो.

करून बघायचेच असेल तर चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा फक्त बाण्यात (आडव्या धाग्यांत) घाला. ताण्यात (उभ्या धाग्यांत) घातला तर फणीतून हजारदा घासून मुलामा सोलून निघतो आणि कापड दिसायला चकाकते पण वीज वाहत नाही. नमुना हातात आला की मल्टिमीटर लावा: इलेक्ट्रोडच्या मध्यापासून टिच बटणापर्यंत ५ ते १० ओहमच्या आत रोध हवा, आणि कापड २० टक्के ताणताना आकडा उड्या मारता कामा नये. स्थिर पण थोडा जास्त रोध चालतो, उड्या मारणारा मुळीच चालत नाही.

टिच बटणांबद्दल एक इशारा. ईसीजीच्या तारांची पकड सुमारे ४ मिलिमीटरच्या गोळीसाठी असते. शिवणसाहित्याच्या दुकानातली बटणे नेमकी त्या मापाची असतातच असे नाही. शिवाय स्वस्त बटणांवर निकेलचा मुलामा असतो आणि निकेलची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. युरोपात कातडीला दीर्घकाळ लागणाऱ्या वस्तूंतून निकेल सुटण्याची मर्यादा आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. बटणाची मागची बाजू कातडीला लागणार नाही अशी झाकून घ्या, हा प्रश्नच मिटतो.

पट्टा धुवायचा कसा? काही धुण्यांनंतर तो मरतो.

चांदीला दोन गोष्टी मारतात: ब्लीच आणि पिळणे. कपडे मऊ करणारे द्रावणही नको, त्याचा थर धाग्यांवर बसून वीज अडवतो. मऊ साबण, कोमट पाणी, हाताने दाबून धुणे, सावलीत वाळवणे. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचे पाणी खारट असते. वाळल्यावर क्षारांचा थर राहतो आणि कापड कडक होते, म्हणून शेवटचे पाणी तरी नळाचे घ्या. कापड काळपट पडले म्हणजे लगेच निकामी झाले असे नाही, रोध मोजा. २५ धुण्यांनंतर आकडा दुपटीपेक्षा जास्त झाला तर कापड बदला.

डबी काढता येण्यासारखी ठेवा. धुताना काढा असे पाकिटावर लिहून कोणी वाचत नाही, म्हणून डबी पाण्यात गेली तरी तगली पाहिजे असेच धरून चला.

चिकट पॅचने खाज आणि पुरळ येते. काय बदलावे?

आधी हे ठरवा की त्रास चिकटद्रव्याचा आहे, कोंडलेल्या घामाचा, की ओढून काढण्याचा. पॅचच्या नेमक्या आकाराची लाल खूण काही तासांत विरत असेल तर घाम आणि दाब. कडेबाहेर पसरणारी, दोन-तीन दिवसांनी वाढत जाणारी खाज असेल तर ॲलर्जीचा संशय घ्या आणि तो पॅच त्या माणसाला पुन्हा लावू नका. कातडी सोलल्यासारखी दिसत असेल तर काढण्याची पद्धत चुकली आहे: एक कड उचलून, कातडीला समांतर, हळूहळू, दुसऱ्या हाताने कातडी धरून काढायचा. वर खेचायचा नाही.

ॲक्रिलेट चिकटद्रव्य घट्ट धरते पण नाजूक कातडीला जाचते. सिलिकॉन जेलचे चिकटद्रव्य सौम्य आहे आणि पुन्हा लावता येते, मात्र घामात लवकर सुटते. पावसाळ्यात आणि उसाच्या फडात काम करणाऱ्यांसाठी बाष्प बाहेर सोडणारा, सच्छिद्र आधाराचा पॅचच घ्या. लावायची जागा प्रत्येक वेळी थोडी बदला. कातडीला लागणाऱ्या सगळ्या साहित्यासाठी आयएसओ १०९९३ मालिकेतल्या पेशीविषारीपणा, दाह आणि ॲलर्जीच्या चाचण्या लागतात. पुरवठादाराकडून फक्त ‘मेडिकल ग्रेड’ हे दोन शब्द घेऊन परत येऊ नका, चाचणी अहवाल मागा.

मनगटावरचा सेन्सर काही लोकांवर चालतच नाही. कारण काय?

कारणे एकाहून जास्त आहेत आणि आपल्याकडे ती एकत्र भेटतात.

मनगटावर हिरवा प्रकाश, सुमारे ५२५ ते ५३० नॅनोमीटर, वापरतात; रक्त तो चांगला शोषते आणि तो वरच्या थरातच राहत असल्याने हालचालीचा त्रास कमी होतो. पण मेलॅनिनही तो शोषते. गडद कातडीवर परत येणारा प्रकाश कमी असतो, म्हणून एलईडीचा प्रवाह आपोआप वाढेल अशी सोय कोडमध्ये हवी: परतीच्या प्रकाशाची पातळी एडीसीच्या कक्षेच्या ५० ते ७० टक्क्यांवर राहील असा प्रवाह ठेवा. गोऱ्या कातडीवर ठरवलेला एकच प्रवाह सगळ्यांना लावणे ही आळशी रचना आहे.

दुसरे, गोंदण. वयस्क बायकांच्या हातावर मनगटापर्यंत जुने गोंदण असते. काळ्या-हिरव्या शाईखालून प्रकाश परत येत नाही, प्रवाह कितीही वाढवा. जागा बदलणे एवढाच इलाज.

तिसरे, बांगड्या. काचेच्या बांगड्या सेन्सरवर आदळतात, त्याला ढकलतात आणि कडेने उजेड आत येऊ देतात. बांगड्या काढा असे सांगणारा सेन्सर सांगलीच्या घरात चालणार नाही. दंडावर बांधायचा पट्टा दोन्ही अडचणी टाळतो, तिथे हालचालही कमी असते आणि रक्तप्रवाह थंडीतही बरा राहतो. आमचा कल मनगटापेक्षा दंडाकडेच आहे.

दाबाचेही गणित आहे. केशवाहिन्यांतला दाब धमनीकडच्या टोकाला साधारण ३२ मिलिमीटर पारा असतो. त्याच्या बराच वर दाब गेला की रक्तच बाजूला सरते आणि लाट लहान होते. पट्ट्याखाली एक बोट घासत जाईल इतपत घट्ट ठेवा.

हळदीच्या गोदामात किंवा पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्यांच्या सेन्सरची काच रोज ओल्या कापडाने पुसावी लागते. काच डबीच्या पृष्ठाच्या किंचित बाहेर, घुमटाकार ठेवली तर खाचेत पूड साठत नाही.

लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला की माणूस बसलेला असूनही नाडी १२० दाखवते. हे कसे?

खोलीतले बरेच दिवे विजेच्या दुप्पट वारंवारतेने लुकलुकतात, म्हणजे ग्रीडवर १०० हर्ट्झने. तुम्ही सेकंदाला १००, ५० किंवा २५ वाचने घेत असाल तर ही लुकलुक नोंदीत जवळजवळ स्थिर दिसते, म्हणून लक्षात येत नाही. जनरेटर ५१ हर्ट्झवर चालला की दिवे १०२ ने लुकलुकतात, आणि १०० च्या नमुनादरात ती लुकलुक २ हर्ट्झची लाट बनून उतरते. २ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला १२०. अल्गोरिदमने दिव्याची नाडी मोजली!

पीपीजीचा नमुनादर सेकंदाला ६४ घ्या. तेव्हा १०० हर्ट्झची छाया २८ हर्ट्झवर पडते, नाडीच्या ०.५ ते ४ हर्ट्झच्या पट्ट्यापासून दूर, आणि जनरेटर थोडा वरखाली झाला तरी दूरच राहते. त्यासोबत एलईडी पेटवण्याआधी आणि नंतर एकेक अंधारे वाचन घेऊन त्यांची सरासरी वजा करा. काचेभोवती काळ्या मऊ रबराची कड असेल तर निम्मे काम आधीच झालेले असते.

चालताना, धावताना सेन्सर पावले मोजतो असे वाटते.

बरोबर वाटते. मिनिटाला ११० ते १२० पावले ही सामान्य चाल आहे आणि तेवढीच नाडीही असू शकते. धावताना १६० ते १८० पावले पडतात. हात झुलला की रक्त आणि सेन्सर दोन्ही हलतात आणि ती लाट नाडीच्या लाटेपेक्षा मोठी असते.

त्वरणमापकाशिवाय हे सुटत नाही. त्याच्या नोंदीतून पावलांची वारंवारता काढा आणि पीपीजीच्या वारंवारतांच्या वर्णपटातले तेच शिखर संशयित ठरवा. एनएलएमएस प्रकारचा अनुकूली (हालचालीची लाट ओळखून वजा करणारा) फिल्टरही चालतो, पण त्वरणमापक सेन्सरच्याच बोर्डावर, त्याला खेटून हवा. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसवला तर तो वेगळीच हालचाल मोजतो. नाडी आणि पावले खरोखरच एकाच आकड्यावर आली असतील तर मागच्या १० सेकंदांचा कल बघून निर्णय घ्या, आणि खात्री नसेल तर आकडा दाखवू नका.

सर्वांत अवघड चाचणी धावण्याची नाही, भाकरी थापण्याची आहे. मनगटाला तालबद्ध धक्के, तळहातावर दाब, वर बांगड्या. या एका चाचणीत बरीच महागडी घड्याळे उघडी पडतात.

ईसीजीतून ठोके मोजायला कोणती पद्धत घ्यावी?

१९८५ ची पॅन आणि टॉम्पकिन्स यांची पद्धत आजही छोट्या प्रोसेसरसाठी पुरेशी आहे: ५ ते १५ हर्ट्झचा गाळणपट्टा, उतार काढणे, वर्ग करणे, १५० मिलिसेकंदांच्या खिडकीत बेरीज, आणि बदलता उंबरठा. एका ठोक्यानंतर २०० मिलिसेकंद दुसरा ठोका धरायचा नाही. ३६० मिलिसेकंदांच्या आत आलेल्या शिखराचा उतार आधीच्या निम्म्याहून कमी असेल तर ती टी लहर समजा.

तपासायला एमआयटी-बीआयएच अतालता (ठोक्यांची बिघडलेली लय) संग्रह वापरा: ४७ व्यक्तींच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, नमुनादर ३६०, प्रत्येक ठोका तज्ज्ञांनी खुणावलेला. मात्र त्यावर ९९ टक्के आले म्हणून पेढे वाटू नका. त्या नोंदी जेलच्या इलेक्ट्रोडांच्या आहेत, तुमच्या कापडाच्या नाहीत. त्याच घराण्यातला गोंगाटाचा वेगळा संग्रह आहे, त्यातला इलेक्ट्रोड हलल्याचा गोंगाट मिसळून पुन्हा चालवा.

सिग्नल खराब आहे हे उपकरणाने कसे ओळखावे?

आमच्या मते हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सर्वांत कमी विचारला जाणाराही. चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा दोन आडव्या रेघा दाखवणे केव्हाही चांगले.

दर ५ ते १० सेकंदांच्या तुकड्याला चार कसोट्या लावा. इलेक्ट्रोड सुटल्याची खूण चिपकडून आली आहे का? एडीसी वरच्या किंवा खालच्या टोकाला चिकटला आहे का? लागोपाठच्या ठोक्यांचा आकार एकमेकांशी जुळतो का (परस्परसंबंध ०.८ च्या खाली गेला तर संशय)? आणि त्वरणमापक जोरात हलतो आहे का? आकार जुळतो पण अंतरे अनियमित आहेत, असा तुकडा फेकू नका! खरी अतालता अशीच दिसते. अंतरे अनियमित म्हणून गोंगाट समजून टाकून देणारा कोड नेमका त्याच रुग्णाला फसवतो ज्याच्यासाठी उपकरण बनवले.

मोबाइलवर ठोक्यांमधले अंतर नेहमी थोडे जास्त दिसते.

ब्लूटूथच्या प्रमाणित हृदयगती सेवेत (०x१८०डी) अंतर १/१०२४ सेकंदाच्या एककात येते. ते मिलिसेकंद समजून वाचले की प्रत्येक आकडा २.४ टक्के फुगतो. १०२४ ने भागून १००० ने गुणा.

बॅटरी किती दिवस चालेल? आणि उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?

सरासरी प्रवाह १.५ मिलिअँपिअर आणि बॅटरी १०० मिलिअँपिअर-अवर धरली, त्यातली ८० टक्केच वापरली, तर सुमारे ५३ तास. पीपीजीचा एलईडी सतत पेटवू नका: २० मिलिअँपिअरचा १०० मायक्रोसेकंदांचा स्पंद सेकंदाला ६४ वेळा दिला तर सरासरी फक्त ०.१३ मिलिअँपिअरच्या आसपास पडतो. सगळा कच्चा ईसीजी साठवायचा तर २५० वाचने, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे दिवसाला ४३ मेगाबाइटच्या आसपास. तो रेडिओवरून सतत पाठवण्यापेक्षा डबीतच साठवून नंतर उतरवणे स्वस्त पडते.

लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली डबी घरी आल्याआल्या चार्जिंगला लावली जाते. चार्जिंगच्या चिपला थर्मिस्टर (तापमान मोजणारा रोधक) जोडलेला नसेल तर ती बिनबोभाट चार्ज करते आणि बॅटरी फुगते. थर्मिस्टर काही रुपयांचा असतो. तो वाचवू नका.

बाहेरून दिसणारे चार्जिंगचे पिन घामात काळेनिळे पडतात, कारण त्यांच्यावर बॅटरीचा व्होल्टेज जिवंत असतो आणि खारट घामातून विद्युत अपघटन चालू राहते. पिन आणि बॅटरी यांच्यामध्ये डायोड किंवा स्विच ठेवा.

विजेचा धोका कितपत आहे?

बॅटरीवर, चार्जरपासून तोडलेले असताना, कमी. तरीही आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षा मानकातली सर्वांत कडक मर्यादा पाळा: सामान्य स्थितीत माणसातून जाणारा प्रवाह १० मायक्रोअँपिअर, एक बिघाड झाला तरी ५०. ३.३ व्होल्टच्या सर्किटमध्ये मार्गात ३६० किलोओहम असले की पूर्ण बिघाडातही सुमारे ९ मायक्रोअँपिअरच वाहतात. चार्जिंग चालू असताना मोजणी बंद, हे सर्किटमध्येच बांधा. प्रयोगशाळेत यूएसबीने लॅपटॉपला जोडायचेच असेल तर मध्ये विद्युत विलगक घाला, नाहीतर लॅपटॉप बॅटरीवर चालवा. कातडीला लागणारा भाग दीर्घ संपर्कात ४१ अंशांच्या खालीच ठेवा.

अचूकता किती म्हणायची, आणि ती कशी सिद्ध करायची?

हृदयगती मोजणाऱ्या यंत्रांसाठी रूढ मर्यादा १० टक्के किंवा मिनिटाला ५ ठोके, यातली जी मोठी असेल ती. ती पार होणे हे किमान आहे.

तुमचे उपकरण आणि होल्टर (दवाखान्यातले दिवसभर ईसीजी नोंदवणारे यंत्र) एकाच वेळी बांधा. सुरुवातीला आणि शेवटी दोन्हींच्या इलेक्ट्रोडवर बोटाने तीन टिचक्या मारा. दोन्ही नोंदींत काटे उमटतात आणि घड्याळे जुळवता येतात. क्रम असा ठेवा: ५ मिनिटे आडवे, ५ मिनिटे बसून, १० मिनिटे चाल, जिना, भाकरी थापणे किंवा कपडे पिळणे, खडबडीत रस्त्यावर दुचाकीच्या मागच्या सीटवर १० मिनिटे. तंदुरुस्त तरुणांसाठी दंडोबाच्या डोंगराची चढण घ्या, तिथे नाडी लवकर चढते आणि उतरताना धक्के बसतात. वेगवेगळ्या कातडीच्या रंगाची, वयाची, बांध्याची माणसे हवीत. वसतिगृहातली वीस पोरे म्हणजे सांगली जिल्हा नव्हे.

निकाल देताना सरासरी फरक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १.९६ प्रमाण विचलनांची मर्यादा द्या. सहसंबंधाचा एकटा आकडा फसवतो. प्रत्येक वेळी १० ठोके जास्त दाखवणाऱ्या यंत्राचाही सहसंबंध उत्तम असतो. आणि किती टक्के वेळ उपकरणाने रेघा दाखवल्या तेही छापा. अवघड तुकडे वगळून कोणीही अचूक होऊ शकतो.

माणसांवर चाचणी म्हटली की एथिक्स कमिटीची मंजुरी आणि मराठीत लिहिलेले संमतिपत्र आधी. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थेतला हृदयरोग किंवा मेडिसिन विभागाचा डॉक्टर पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, शेवटी सहीपुरता नको.

हे हृदयविकाराचा झटका ओळखेल का? रक्तदाब? ऑक्सिजन?

झटका नाही. एका लीडच्या, म्हणजे एकाच दिशेने बघणाऱ्या, पट्ट्याला हृदयाच्या बऱ्याच बाजू दिसत नाहीत, आणि आधाररेषा स्थिर ठेवायला लावलेला ०.५ हर्ट्झचा फिल्टर एसटी खंडाचा (क्यूआरएस आणि टी लहर यांच्यामधला, झटक्यात बदलणारा भाग) आकारच बदलतो. छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल तर घड्याळ बघत बसू नये, १०८ ला फोन करावा. हे वाक्य ॲपमध्ये ठळक असू द्या.

कफशिवाय रक्तदाब: तूर्त दावा करू नका. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त प्रकाशाचे गुणोत्तर लागते, आणि त्याचे अंशांकन देखरेखीखाली स्वयंसेवकांचा ऑक्सिजन उतरवून करावे लागते. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेचे काम नाही.

पेसमेकर असलेल्यांना चालेल का?

हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नाही. चुंबकाने चिकटणारा चार्जर किंवा डबी पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर हवी, म्हणून छातीच्या पट्ट्यात चुंबक टाळलेलाच बरा. शिवाय पेसमेकरचा स्पंद २ मिलिसेकंदांपेक्षाही छोटा असतो; २५० च्या नमुनादरात तो बहुधा दिसतच नाही.

विकायचे असेल तर परवाने कोणते?

तुम्ही काय दावा करता त्यावर ठरते. ‘व्यायामासाठी नाडी’ आणि ‘अतालतेचे निदान’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वैद्यकीय दावा केला की वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरसह सगळी वैद्यकीय उपकरणे त्यांच्या कक्षेत आहेत. अ आणि ब वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते, क आणि ड वर्गाचा दिल्लीची सीडीएससीओ (केंद्रीय औषध नियंत्रण संस्था). आपले उपकरण कोणत्या वर्गात बसते ते सीडीएससीओच्या याद्यांत आधी बघा, मगच साचे बनवायला पैसे घाला. रेडिओसाठी डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या वायरलेस विभागाची) ईटीए ही मंजुरी लागते; आधीच मान्यता असलेले ब्लूटूथ मॉड्यूल घेतले तर हा भाग सोपा होतो. बॅटरीला आयएस १६०४६ प्रमाणे बीआयएसची नोंदणी हवी.

रुग्णाचा डेटा कुठे ठेवावा?

शक्य तितका त्याच्याच मोबाइलमध्ये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे संमती स्पष्ट आणि कशासाठी ते सांगून घेतलेली असावी लागते. डॉक्टरला चोवीस तासांची कच्ची नोंद नको असते. संशयित ३० सेकंदांचे तुकडे, वेळ आणि त्या वेळी माणूस काय करत होता, एवढे एका पानावर द्या.